एकतिसावा उमेदवार

निनाद गेल्यानंतर सतराव्या दिवशी हेमांगी परुळेकर कामावर हजर झाली. खगोलनिरीक्षण केंद्रातल्या कुणालाच तिच्याशी काय बोलावं ते सुचेना. शेवटी संचालक डॉ. वागळे स्वतः तिच्या टेबलापाशी आले.

"अजून आठ-दहा दिवस घरी थांबला असतात तरी चाललं असतं."

"घरी काय करू, सर?" असं म्हणून तिनं संगणक सुरू केला.

निनाद, तिचा नवरा, बॅडमिंटन खेळताना गेला. शटल उचलायला म्हणून वाकला, तो तिथेच बसला आणि मग आडवा झाला. त्रेपन्न वर्षांचा माणूस, आदल्याच महिन्यात सगळ्या तपासण्या करून घेतलेला. हेमांगी रडली नाही. दवाखान्यात नाही, घाटावर नाही, मुलगी शाल्मली हैदराबादहून येऊन गळ्यात पडली तेव्हाही नाही. नातेवाईक म्हणाले, मोठी धीराची बाई. हा धीर नव्हे, हे तिला स्वतःला पक्कं ठाऊक होतं. दाढ काढण्याआधी इंजेक्शन देतात तेव्हा ओठ आपलाच असून आपला वाटत नाही. तिचं आता सगळंच तसं झालं होतं. चहा पोळला तरी एकदोन घोट गेल्यावर कळायचं.

भोरच्या अलीकडे एका टेकडीवर हे केंद्र होतं, पण त्याची दुर्बीण होती तिकडे चिलीच्या डोंगरात. तिथे रात्र असते तेव्हा आपल्याकडे दिवस. त्यामुळे सकाळी सहाला डबा घेऊन यायचं, दुपारी दोनपर्यंत रात्रीचं आकाश बघायचं आणि उन्हातून घरी जायचं, असा इथला शिरस्ता. हेमांगी एकवीस वर्षं हेच करत होती.

ते काम काय, हे थोडं सांगायला हवं. पुणे शहरात मावेल एवढ्याशा गोळ्यात सूर्याहून अधिक वस्तुमान कोंबलेलं असावं, असे काही मृत तारे असतात. त्यांना न्यूट्रॉन तारे म्हणतात. कधी कधी असे दोन तारे एकमेकांभोवती कोट्यवधी वर्षं फिरतात, फिरता फिरता जवळ येतात आणि अखेर आदळतात. त्या धडकेनं खुद्द अवकाशच थरथरतं आणि ती थरथर प्रकाशाच्या वेगानं चहूकडे पसरते. त्याच गुरुत्वीय लहरी. त्या टिपणारी पाच यंत्रं एव्हाना पृथ्वीवर होती, त्यातलं एक आपल्या मराठवाड्यात. कित्येक किलोमीटर लांबीच्या नळ्यांमधून लेसरचे किरण सोडून ही यंत्रं अणूच्या गाभ्याहूनही बारीक हालचाल ओळखत.

पण त्यांना ऐकू यायचं, दिसायचं नाही. गावात कुठे तरी फटाका फुटला तर आवाजावरून आपण म्हणतो, असेल त्या अंगाला, फार लांब नाही. पण गल्ली कोणती, घर कोणतं? ते पाहायचं तर प्रकाशच शोधायला हवा. या धडकेचा प्रकाश पहिले काही तास निळा असतो, मग तांबडा होत जातो आणि पंधरवड्यात विझतो. त्या उजेडात सोनं आणि प्लॅटिनम तयार होत असतं. आणि धडकेनंतर मागे काय उरलं, नवा तारा की कृष्णविवर, ते पहिल्या सहा तासांतला निळा उजेडच सांगू शकतो.

लहर आली की यंत्रं आकाशाचा एक तुकडा कळवत. हात लांब करून मूठ धरली तर जेवढं आकाश झाकलं जाईल, साधारण तेवढा. त्यात हजारो दीर्घिका आणि शेकडो लुकलुकणारे ठिपके. लघुग्रह, तेज कमीजास्त होणारे रूपविकारी तारे, जुने स्फोट, कॅमेऱ्याचे डाग. जगभरातल्या दुर्बिणी तो तुकडा वाटून घेत. प्रत्येक नव्या ठिपक्याला उमेदवार म्हणायचं. एका उमेदवाराला 'पाठवा' म्हटलं की मोठ्या दुर्बिणी त्याच्याकडे वळत. 'सोडा' म्हटलं की ती दीर्घिका सगळ्यांच्या यादीत 'पाहिली, रिकामी' अशी नोंदली जाई आणि मग तिच्यावर कुणी वेळ घालवत नसे.

हे निवडण्यासाठी नौशाद तांबोळीनं एक संगणकप्रणाली लिहिली होती. तिला सगळे चाळणी म्हणत. नौशाद चौतीस वर्षांचा, मूळचा बार्शीचा. हेमांगीच्या हाताखाली शिकून तयार झालेला आणि निनादबरोबर बॅडमिंटन खेळणारा. चाळणी प्रत्येक उमेदवाराला शंभरपैकी गुण द्यायची. ऐंशीच्या वर असेल तर आपणच पाठवायची, वीसच्या खाली असेल तर आपणच सोडायची. मधल्यांचा निर्णय माणसानं करायचा. नव्वद सेकंदांत.

हेमांगी परतल्यानंतर चौथ्या दिवशी, सकाळी आठ चाळीसला, लहर आली. यंत्रांनी अंतर कळवलं. सात कोटी प्रकाशवर्षं. इतक्या जवळची धडक आजवर कुणी नोंदवली नव्हती. खोलीत धावपळ उडाली. नौशाद उभ्यानंच कळफलक बडवत होता.

"मॅडम, मधले सगळे तुमच्याकडे टाकतोय. चालेल ना?"

"टाक."

उमेदवार येऊ लागले. हेमांगीची बोटं आपोआप चालत होती. सोडा. सोडा. लघुग्रह, सोडा. एकतिसावा आला. चाळणीनं एक्केचाळीस गुण दिले होते. एका तबकडीसारख्या दीर्घिकेच्या गाभ्याला अगदी चिकटून एक ठिपका. गाभ्याजवळ असले खोटे डाग नेहमी पडतात, म्हणून गुण कमी. अशा वेळी वीस मिनिटांनंतर निळ्या फिल्टरमधून घेतलेलं दुसरं चित्र उघडायचं, हे हेमांगीनंच नौशादला शिकवलं होतं. तिनं ते उघडलं.

ठिपका तिथेच होता. पहिल्यापेक्षा ठळक, स्वच्छ, निळा.

खरा आहे, हे तिला कळलं. संशयाला जागाच नव्हती. एकवीस वर्षं ज्याची वाट पाहिली तो समोर होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं. आत काहीही हललं नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या अनोळखी गाडीचा नंबर दिसावा तसा तो तिला दिसला. तिनं 'सोडा'ची कळ दाबली आणि बत्तिसावा उघडला.

दुपारी दोनला सगळे थकून घरी गेले. कुठल्याच दुर्बिणीला काही सापडलं नव्हतं.

अकरा दिवसांनी दक्षिण आफ्रिकेतल्या एका दुर्बिणीनं दुसऱ्याच कामासाठी त्या दीर्घिकेचं चित्र घेतलं आणि गाभ्याजवळ तांबडा, विझत चाललेला ठिपका दिसला. तासाभरात जगभर बोभाटा झाला. शतकातली सर्वांत जवळची धडक, तिचे पहिले सहा तास वाया गेलेले. मग लोकांनी जुनी चित्रं उपसली, तेव्हा कळलं की भोरच्या केंद्राकडे तो ठिपका सव्वादोन तासांतच आला होता. क्रमांक एकतीस. निर्णय: सोडा.

चौकशी समिती नेमली गेली. समितीला कारण चटकन सापडलं. एवढ्या ठसठशीत उमेदवाराला चाळणीनं फक्त एक्केचाळीस गुण कसे दिले? त्या आधारावर माणसानं सोडलं तर माणसाचा काय दोष? पुढच्या वर्षी अकरा दुर्बिणींवर चाळणी बसवायचं ठरलं होतं. ते थांबलं. नौशादची नेमणूक त्याच कामावर होती, तीही महिनाअखेर संपणार असं कळलं.

त्या संध्याकाळी नौशाद तिच्या टेबलाशी आला. चेहरा ओढलेला.

"मॅडम, एकच विचारतो. दुसरं चित्र पाहिलं होतंत ना?"

"हो," ती म्हणाली. ते खरंच होतं.

"तरी सोडलात."

"हो."

तो मान हलवत परत गेला. हेमांगीला वाटलं होतं, आता तो पुढचं विचारेल. त्यानं विचारलं नाही. त्या दिवसापासून तो चाळणी उसवत बसला. एकेक ओळ तपासायचा, जुनी हजारो चित्रं पुन्हा चाळायचा. सकाळी ती यायची तेव्हा तो बसलेला असायचा, ती निघायची तेव्हाही बसलेलाच. एकदा ती जवळून जाताना तो स्वतःशीच पुटपुटला, "इथेच असणार. मलाच दिसत नाहीये."

वाईट वाटायला हवं, हे तिला समजत होतं. वाटायची ती वाट पाहत होती. वाटत नव्हतं.

शनिवारी शाल्मली दोन दिवसांसाठी आली. आईनं निनादचे सगळे कपडे घड्या करून पिशव्यांत भरून दाराशी ठेवलेले पाहून ती उभीच राहिली.

"मला विचारायचं तरी होतंस, आई."

"तुला हवेत का?"

"हवेत की नकोत, हा प्रश्नच नाहीये." शाल्मली खाली बसली. "मी आल्यापासून तू माझ्याकडे एकदा तरी नीट पाहिलंस का?"

हेमांगीनं तिच्याकडे पाहिलं. मुलगी वाळली होती. डोळ्यांखाली काळं आलं होतं. हे सगळं तिला दिसत होतं, जसा तो ठिपका दिसला होता. मग भाजी निवडता निवडता, हवापाण्याचं बोलावं तशा आवाजात, तिनं मुलीला एकतिसाव्याची गोष्ट सांगितली. ओळखल्याचं तेवढं सांगितलं नाही. घाईत नीट पाहिलं नाही, एवढंच.

शाल्मलीनं तिच्या हातातली भाजी काढून घेतली. "आणि तो नौशाददादा? बाबांना उचलून रिक्षात घालणारा तोच ना? त्याची नोकरी जाणार?"

"बहुतेक."

"आणि तू हे कुणाला सांगितलं नाहीस."

"नाही."

"आई, तुला काही वाटत नसेल तर नसू दे. पण सोमवारी जाऊन सांग. वाटेपर्यंत थांबू नकोस. तोवर त्याचा महिना संपेल."

सोमवारी हेमांगी वागळ्यांच्या खोलीत गेली.

"सर, चाळणीची चूक नव्हती. तिनं माणसाकडे पाठवलं, ते बरोबरच केलं. मी दुसरं चित्र न उघडता सोडलं. माझं लक्ष नव्हतं."

वागळ्यांनी चष्मा काढला. "तुम्ही एवढ्या लवकर परत यायलाच नको होतं. आणि मीही येऊ द्यायला नको होतं." त्यांचा आवाज मऊ होता. "काळजी करू नका. समितीला मी समजावतो. अशा मनःस्थितीत नजरचूक कुणाचीही होईल."

सगळं इतकं सोपं झालं. ती बाहेर आली. दुपारपर्यंत बातमी केंद्रभर पसरली होती. लोक तिच्याकडे सहानुभूतीनं पाहत होते. कुणी तरी पाण्याचा ग्लास आणून ठेवला.

दोन वाजता नौशाद आला. हातात कागद होता.

"मॅडम, तुम्ही खोटं बोललात."

हेमांगीनं वर पाहिलं.

"ही संगणकाची नोंद. कोणतं चित्र कधी उघडलं, कधी मिटलं. एकतीसचं दुसरं चित्र तुम्ही उघडलं होतं. अकरा सेकंद उघडं होतं." त्यानं कागदावरची ओळ बोटानं दाखवली. "समितीनं फक्त निर्णय पाहिले, मी सगळं पाहिलं. पहिल्या दिवशीच. तुम्ही पाहिलं म्हणालात आणि नोंदही तेच सांगत होती. मग मी म्हटलं, परुळेकर मॅडमनी दुसरं चित्र पाहून सोडलं, तर चित्रातच काही तरी खोट असणार. चाळणीनं तुम्हाला बिघडलेलं चित्र दाखवलं असणार. एकोणीस दिवस मी ती खोट शोधतोय. आणि आज तुम्ही मला वाचवायला म्हणून स्वतःवर घेताय. मला नको ते. असं वाचायचं नाहीये मला."

"बस," ती म्हणाली.

तो बसला नाही.

"चित्रात खोट नव्हती. मला स्वच्छ दिसलं. खरा आहे हे मला कळलं होतं, नौशाद. कळूनही मी सोडा दाबलं."

"का?"

"काही फरक पडतो असं वाटलं नाही."

नौशादनं कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"विसरला असतात तर मी आठवण करून देणारी घंटा लावली असती," तो हळू म्हणाला. "चुकला असतात तर दुसऱ्यांदा विचारणारी चौकट घातली असती. ह्याला मी काय लिहू?"

तिनं समोरचा पाण्याचा ग्लास बाजूला सरकवला.

"माझ्या अम्मीला मी सांगितलं, माझ्यामुळे घोटाळा झाला. एकोणीस दिवस ती माझ्यासाठी दुवा मागतेय." तो दाराकडे वळला. "सरांना खरं सांगा. सगळं. नाही तर मी सांगेन."

तिनं त्याच दुपारी सांगितलं. या वेळी वागळे मऊ बोलले नाहीत. ते उठून खिडकीशी गेले आणि तिकडूनच म्हणाले, "नजरचूक म्हटलं तर लोक समजून घेतील. हे म्हटलंत तर कुणी समजून घेणार नाही."

"खुलासा मीच लिहिते, सर."

जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना जायचं ते निवेदन. एरवी अशी निवेदनं ती दहा मिनिटांत लिहायची. हे लिहायला तिला अडीच तास लागले. 'दुर्लक्ष झाले' लिहिलं आणि खोडलं. 'ओळखता आला नाही' लिहिलं, तेही खोडलं. वाक्य चुकीचं राहू नये, याची तिला काळजी वाटत होती. काळजी वाटतेय, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा ती क्षणभर थांबली आणि पुन्हा लिहू लागली. शेवटी उरलं ते एवढं: 'उमेदवार क्रमांक ३१ निरीक्षक हेमांगी परुळेकर यांनी दुसऱ्या चित्रासह पाहिला, तो खरा असल्याचे ओळखले आणि तरीही सोडला. निवडप्रणालीत कोणताही दोष नाही.'

दोन हजारांहून अधिक लोकांना ते गेलं. काहींनी शिव्या दिल्या, काहींनी तिला डॉक्टरांकडे जायचा सल्ला दिला. बहुतेकांनी काहीच लिहिलं नाही. चाळणी अकरा दुर्बिणींवर बसवायचं काम पुन्हा सुरू झालं आणि नौशादची नेमणूक कायम राहिली. आता निर्णय दोन माणसांनी मिळून करायचा, एकानं मोठ्यानं बोलून आणि दुसऱ्यानं दुजोरा देऊन, असा नियम झाला. जगभर तो लागू झाला. हेमांगीला निरीक्षणाच्या खोलीतून काढून खालच्या मजल्यावर जुन्या नोंदी लावण्याच्या कामावर धाडलं. ते तिनं मुकाट्यानं मान्य केलं. शाल्मली आता रोज फोन करायची, आणि हेमांगी तिला रोज विचारायची, काय जेवलीस. आता उत्तरही ऐकू लागली होती.

निवेदनानंतर नौशाद तिच्याशी बोलला नाही. जिन्यात भेटला तर मान हलवायचा. तेही बरोबरच होतं.

महिना उलटल्यावर एका दुपारी तो खाली आला. दार उघडंच होतं. आत न येता तो चौकटीत उभा राहिला.

"एक अडलंय," तो म्हणाला. "त्या निळ्या उजेडाचं सगळ्या जगाकडे मिळून एकच चित्र आहे. आपलं. आकडे मी काढलेत. पण तो ताजा असताना पाहणारं माणूस एकच आहे. म्हणून आलो."

"आकडे बरोबर असतील तर मी काय सांगणार?"

"कसा होता?"

हेमांगी अहवाल द्यावा तशी बोलू लागली. "गाभ्याच्या डावीकडे, थोडा वर. दुसऱ्या चित्रात पहिल्याच्या दुपटीनं उजळ. कडा स्वच्छ. शेजारी—"

"हे चित्रात दिसतं, मॅडम." नौशादनं तिला थांबवलं. "तुम्हाला खरा ठिपका ओळखायला दोन सेकंद पुरतात. मी बारा वर्षं पाहतोय. चित्र अकरा सेकंद उघडं होतं. बाकीचे नऊ सेकंद तुम्ही काय पाहत होतात?"

ती काही नाही म्हणणार होती. तिनं तोंड उघडलं आणि तिला ते आठवलं. तो निळा ठिपका, त्या दीर्घिकेच्या गाभ्याशी, एखाद्यानं आत्ताच दिवा लावावा तसा. आणि त्या वेळी मनात आलेली पहिली गोष्ट. इतकी सवयीची की ती आली हेसुद्धा तिला कळलं नव्हतं.

"छान होता रे," ती म्हणाली. "फार छान होता. मला वाटलं, आता घरी जाईन आणि निनादला सांगेन. तो विचारेल, किती लांब? मी म्हणेन, सात कोटी प्रकाशवर्षं. मग तो म्हणेल, म्हणजे जवळच की. तो नेहमी असंच म्हणायचा. मी कसं सांगायचं ते ठरवत होते. आधी जेवायला वाढायचं, मग सांगायचं, की दारातच... आणि मग—"

पुढचं तिला बोलता येईना. तिनं तळहात टेबलावर दाबून धरला आणि घशातून जो आवाज आला तो तिचा तिलाच ओळखू आला नाही.

नौशाद आत आला. त्यानं दार लोटून घेतलं, कोपऱ्यातली खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसून राहिला.